डब्याच्या झाकणावरचं भांडवल

आज आपण एक सौदा करून पाहू. मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा विकत घ्यायचा आहे असं समजा. पैशाची ददात नाही. घेणारा तयार आहे, देणाराही तयार आहे. मग वही उघडायची आणि मालमत्तेची यादी करायला बसायचं. प्रत्येक गड्यामागे दोन सायकली, डबे ठेवायची एक लाकडी क्रेट, पांढरा सदरा-पायजमा आणि डोक्यावरची गांधी टोपी. नव्या माणसानं या धंद्यात शिरताना स्वतःचं म्हणून आणायचं ते एवढंच. त्यात काही हातगाड्या मिळवा. यादी संपली. कारण डबा गिऱ्हाइकाचा, डब्यातली पोळी-भाजी गिऱ्हाइकाच्या घरची, लोकल रेल्वेची, आणि डबे मांडून त्यांची वाटणी करतात तो फूटपाथ महापालिकेचा!

जुन्या सायकलींच्या बाजारात या सगळ्याची जी किंमत येईल, तेवढ्याला हा धंदा कुणी देणार नाही. आणि तेवढं देऊन सगळं सामान घरी आणलं, तरी दुसऱ्या दिवशी एकही डबा जागेवर पोचणार नाही. उलट हे सगळं सामान एका रात्रीत चोरीला गेलं तर? चार दिवस तारांबळ उडेल, उसनवारी होईल आणि पाचव्या दिवशी डबे पुन्हा वेळेवर पोचू लागतील. म्हणजे यादीत जे लिहिलं ते या धंद्याचं भांडवल नव्हेच. खरं भांडवल आहे, पण ते यादीत येत नाही.

अर्थशास्त्रात त्याला संघटनात्मक भांडवल म्हणतात. नाव अवजड आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण हा मुद्दा मला परका वाटला नाही. शब्दकोश कुणालाही दुकानात विकत मिळतो. त्यातले शब्द कशाशेजारी काय ठेवायचे, हे काही त्याबरोबर मिळत नाही.

इंग्लंडमधले अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. जमीन, श्रम आणि भांडवल या उत्पादनाच्या तीन साधनांच्या शेजारी त्यांनी संघटन हे चौथं मांडलं. गंमत अशी की डबेवाले आपल्या धंद्याचा आरंभही १८९० च्याच सुमाराचा सांगतात. महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं हाताशी धरून ही डबे पोचवायची सेवा सुरू केली, असा त्यांचा इतिहास आहे. मार्शलसाहेब केंब्रिजमध्ये जे लिहीत होते, ते इकडे मावळातली माणसं मुंबईच्या रस्त्यांवर करत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

करत होती म्हणजे नेमकं काय? ते जरा सावकाश पाहू, कारण सगळं मर्म तिथं आहे.

सकाळी एक डबेवाला आपल्या ठरलेल्या वस्तीतल्या तीसेक घरांतून डबे उचलतो. ते घेऊन तो जवळच्या स्टेशनवर येतो. तिथं त्याच्या टोळीतले इतरही आलेले असतात. सगळे डबे खाली मांडले जातात आणि कुठं जायचे त्याप्रमाणे त्यांची नवी वाटणी होते. मालडब्यातून ते निघतात. वाटेत मोठ्या स्टेशनावर पुन्हा उतरवणं, पुन्हा वाटणी, पुन्हा दुसरी गाडी. मधल्या स्टेशनावर लोकल थांबते जेमतेम वीस सेकंद. तेवढ्यात भरलेली क्रेट चढवायची किंवा उतरवायची. शेवटच्या स्टेशनावर तिसराच माणूस ते ताब्यात घेतो आणि साडेबारा-एकच्या आत टेबलावर नेऊन ठेवतो. दुपारी हीच सगळी वाट उलटी. जाताना एकेक डबा तीन-चार हात बदलतो. २०२० च्या आधी सुमारे ५,००० माणसं रोज पावणेदोन ते दोन लाख डबे अशा रीतीनं नेत-आणत होती, आणि त्यातल्या बहुतेकांचं शिक्षण आठवीच्या आसपास थांबलेलं.

आता त्या डब्याचं झाकण पाहा. त्यावर नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. मधोमध एक मोठा आकडा, तो डबा कुठल्या स्टेशनाच्या भागात उतरवायचा त्याचा. एका कडेला काही अक्षरं आणि आकडे. पोचवणारा कोण, इमारत कोणती, मजला कितवा. दुसऱ्या बाजूला डबा कुठल्या भागातून आला त्याची खूण. संपलं. परदेशातल्या विद्यापीठांतून या खुणांचं फार कौतुक झालं. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये २०१० साली डबेवाल्यांवर अभ्यासाचं प्रकरण तयार झालं. कौतुक योग्यच आहे. पण मला त्या झाकणावर काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही, ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

डबा ज्या घरून आला त्या घराचा पत्ता झाकणावर कुठंच नाही. संध्याकाळी तो परत कुणाच्या दारात ठेवायचा? ते उचलणाऱ्याच्या डोक्यात आहे. त्याला आपली तीस घरं पाठ असतात, म्हणून ते लिहिण्याची गरज पडत नाही. झाकणावर फक्त तेवढंच लिहायचं, जेवढं पुढच्या हाताला कळायला हवं. बाकीचं ज्याचं त्याच्या आठवणीत. म्हणजे या धंद्याचं ज्ञान अर्धं रंगानं लिहिलेलं आणि अर्धं माणसांत वाटून ठेवलेलं आहे. सगळी झाकणं जमवली तरी ते पुरं होत नाही. एखादा हुशार डबेवाला दुप्पट पगारावर फोडून नेला तरी तेच; त्याला फक्त त्याचा तुकडा ठाऊक. तो तुकडा शेजारच्या तुकड्याला जिथं जोडला जातो, ते सांधे हेच खरं भांडवल. आणि सांधा कुणा एकाच्या मालकीचा नसतो.

हे सांधे घट्ट राहावेत म्हणून त्यांनी केलेली व्यवस्थाही पाहण्यासारखी आहे. एका मोठ्या कंपनीचे हे पाच हजार नोकर नव्हते. वीस-पंचवीस जणांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला एक मुकादम, आणि प्रत्येक टोळी आपल्या हिशेबाला आपण जबाबदार. टोळीची कमाई टोळीत वाटून घ्यायची. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल पंक्चर झाली, तर हाताशी असावेत म्हणून टोळीत एक-दोन माणसं जादा. हिशेबनीस याला फाजील खर्च म्हणेल. पण ती जादा माणसं काढून टाकली की पहिल्या पंक्चरला तीस लोक उपाशी राहतात आणि त्या तीस घरांचा विश्वास उडतो.

बहुतेक सगळे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर अशा तालुक्यांतले. नवा मुलगा येतो तो कुणाच्या तरी ओळखीनं, नात्यानं. बरेचसे वारकरी. गावच्या जत्रांसाठी चैत्राच्या सुमारास सगळे मिळून पाच-सहा दिवसांची रजा घेतात, आणि मुंबई त्या दिवसांत निमूट बाहेरचं खाते! चुकणाऱ्याची तक्रार साहेबाकडे जात नाही, गावाकडे जाते. आणि गावाकडे गेलेली तक्रार साहेबाकडच्या तक्रारीपेक्षा फार जड असते. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते इथं शब्दशः लागू आहे.

याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. जी गोष्ट आतल्यांना धरून ठेवते, तीच बाहेरच्याला बाहेर ठेवते. ज्याचा त्या गावांशी काही संबंध नाही, त्या मुलाला कितीही कष्टाची तयारी असली तरी या दारातून सहज आत येता येत नाही. संघटनेच्या भांडवलाचं कौतुक करणारे लोक या कुंपणाबद्दल बहुधा गप्प राहतात. मला वाटतं, हा त्या भांडवलाच्या किमतीचाच एक भाग आहे आणि तो भरणारे लोक वेगळे असतात.

लाखो-कोटींत एखादीच चूक, सिक्स सिग्मा वगैरे जी बिरुदं या लोकांना चिकटवली गेली, ती मी बाजूला ठेवतो. २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटले आणि २००५ मध्ये त्यांच्या लग्नाचं निमंत्रणही आलं, हे सर्वांना माहीत आहे. पण पाहुण्यांना दाखवता येईल असं तिथं काय असतं? सायकल, टोपी, झाकण. फोटो त्याचेच निघतात.

हे भांडवल न दिसण्याचं एक कारण जमाखर्चाच्या नियमातही आहे. एखाद्या कारखान्यानं यंत्र घेतलं तर ते मालमत्तेत जमा होतं आणि वर्षानुवर्षं थोडीथोडी घसारा वजा होत राहतो. पण त्याच कारखान्यानं सहा महिने खपून कामगारांना एकमेकांशी जुळवून घ्यायला शिकवलं, तर तो सगळा पैसा त्याच वर्षी खर्चात गेला. ताळेबंदात त्याचा मागमूस नाही. स्वतः कमावलेला नावलौकिक, ज्याला जमाखर्चाच्या पुस्तकात ख्याती म्हणतात, तो मालमत्ता म्हणून दाखवायला नियमांची परवानगी नसते. तो दिसतो फक्त कंपनी विकली जाते तेव्हा. घेणाऱ्यानं मालमत्तेच्या किमतीपेक्षा जे जास्त मोजलं, ते त्याच्या वहीत ख्याती म्हणून येतं. म्हणजे पोरगी दुसऱ्याच्या घरी गेल्यावरच तिचे गुण लिहायचे! नियमामागे कारण आहे, नाहीतर जो तो आपल्या ख्यातीचे वाटेल ते आकडे लावील. पण परिणाम असा होतो की काटकसरीची वेळ आली की यंत्राला कुणी हात लावत नाही आणि जे वहीत खर्च म्हणून दिसतं त्यावर पहिली कुऱ्हाड पडते.

कुणी म्हणेल, हे सगळं माणसांच्या चांगुलपणावर चाललंय, त्याला संघटना वगैरे कशाला म्हणायचं? त्याला उत्तर द्यायचं तर माणसं तीच ठेवून फक्त कामाची रीत बदलून पाहायला हवी. असा प्रयोग खरोखरच झाला आहे. आपल्याकडे नव्हे, अमेरिकेत.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाच्या गावी जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. त्याची ख्याती वाईट. दर पाचांतला एक कामगार गैरहजर, युनियन आणि व्यवस्थापन यांचं रोजचं भांडण, तक्रारींचे ढीग, माल सदोष. १९८२ साली कंपनीनं तो बंद केला. १९८४ मध्ये जपानच्या टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. इमारत तीच. युनियन तीच. कामगार बहुतांशी तेच, म्हणजे ज्यांना कामचुकार ठरवून घरी बसवलं होतं तेच. काही जणांना आधी जपानला नेलं आणि तिथल्या कारखान्यात जपानी कामगारांच्या खांद्याला खांदा लावून काम करायला लावलं.

नंतर अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या अभ्यासकांनी १९८७ साली मोजमाप केलं. जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम इथल्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यात एक मोटार जोडायला ३१ तास लागत होते आणि शंभर मोटारींमागे १३५ दोष निघत होते. फ्रीमाँटमध्ये १९ तास आणि ४५ दोष. जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्यात तास १६, दोष मात्र तेवढेच, ४५. तीच माणसं! गैरहजेरी तर शेकडा दोन-तीनवर आली.

काय बदललं होतं? पुष्कळ काही, पण त्यातली एक दोरी मला फार बोलकी वाटते. मोटारींच्या चालत्या रांगेवर एक दोरी टांगलेली असते. काही चुकतंय असं वाटलं की कोणत्याही कामगारानं ती ओढायची. टोळीप्रमुख धावत येतो. तेवढ्यात निस्तरलं नाही तर सगळी रांग थांबते. जुन्या कारखान्यात रांग थांबवणं हा गुन्हा होता. मोटार सदोष गेली तरी चालेल, पण पुढं गेली पाहिजे. आता दोरी ओढणाऱ्याला विचारायचं, काय मदत हवी?

जनरल मोटर्स यात निम्मी भागीदार होती. तिच्या अधिकाऱ्यांना सगळं पाहायला मोकळीक होती, काहीही लपवलेलं नव्हतं. ही रीत त्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस इथल्या आपल्या कारखान्यात नेऊन पाहिली. ती तिथं रुजली नाही; १९९२ साली तो कारखाना बंद झाला. दोरी बाजारात मिळते, बसवायला एक दिवस पुरतो. ओढल्यावर कुणी अंगावर येणार नाही हा भरवसा मात्र दोन्ही बाजूंनी रोज थोडाथोडा साठवावा लागतो, आणि एका मुकादमाच्या एका शिवीनं तो खर्ची पडतो. पुढं २००९ मध्ये जनरल मोटर्सचं दिवाळं निघालं, ती भागीदारीतून बाहेर पडली, आणि २०१० च्या एप्रिलमध्ये फ्रीमाँटचा कारखाना बंद झाला. टेस्ला कंपनीनं तो त्याच वर्षी ४ कोटी २० लाख डॉलरना घेतला. भिंती, छप्पर, जमीन. एकत्र काम करायची पंचवीस वर्षांत कमावलेली रीत त्या सौद्यात नव्हती.

असाच एक सौदा आमच्या घरानं जवळून पाहिला आहे. माझे चाचा सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. कुठल्या साच्याला कोण विणकर मानवतो हे त्यांना ठाऊक. उन्हाळ्यात दुपारी सूत कोरडं पडून तुटायला लागलं की कुणाला कुठं हलवायचं, बदलीवाल्यांतला कोण रमजानात पहाटेच्या पाळीला आनंदानं येतो, कोण दिवाळीच्या आधी जादा काम मागतो, हे सगळं त्यांच्या जिभेवर. १९९५ च्या आसपास गिरणी बंद पडली. साचे भंगारात वजनावर गेले. काही चांगले होते ते छोट्या मागवाल्यांनी उचलले. लिलावाला चाचा गेले होते. त्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, लोखंडाला भाव बरा आला.

अमेरिकेतले दोन अर्थशास्त्रज्ञ, एडवर्ड प्रेस्कॉट आणि मायकेल व्हिशर, यांनी १९८० साली याच भांडवलावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा साधा आहे. कोणता माणूस कोणत्या कामाला बसतो, कुणाची जोडी कुणाशी जमते, ही जी माहिती एखाद्या धंद्यात हळूहळू साठते, ती त्या धंद्याची मालमत्ताच असते. ती मिळवायला काळ आणि पैसा लागलेला असतो. पुढं २००४ मध्ये प्रेस्कॉट यांना वेगळ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. चाचांना हा निबंध वाचून दाखवला असता तर त्यांनी, यात नवीन काय, म्हणून विडी पेटवली असती.

आता पुन्हा मुंबईकडे येऊ. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि लोकल सामान्य माणसांसाठी थांबली. डबे थांबले. दोन महायुद्धं, गिरण्यांचा संप, दंगली, पूर या सगळ्यांतून तगलेली साखळी एकदम जागच्या जागी उभी राहिली. बहुतेक डबेवाले गावी गेले. काही महिन्यांनी त्यांना लोकलनं प्रवासाची परवानगी मिळाली, पण कचेऱ्या रिकाम्या होत्या. पुढं कचेऱ्या उघडल्या, तरी पुष्कळ ठिकाणी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम सुरू राहिलं. फोनवर जेवण मागवायची सवय तोवर घराघरांत पोचली होती. परतलेल्यांची संख्या आधीच्या मानानं फारच कमी.

यंत्र दोन वर्षं पडून राहिलं तर त्याला तेल घालता येतं. सांध्यांचं तसं नाही. डबा चार हातांतून जातो. त्यातला एक हात आला नाही की उरलेले तिघे असून नसून सारखे. एका वस्तीतून तीस डबे निघत होते तोवर तिथं एक माणूस पोसला जात होता. ते बारा झाले की त्याला परवडत नाही. तो गेला की त्या बारा घरांची वाट बंद, आणि बाराजणांचे डबे ज्या दुसऱ्या टोकाला उतरायचे, तिथल्या माणसाचीही कमाई घटते. त्यामुळे गिऱ्हाईक निम्मं झालं तर धंदा निम्मा होत नाही, त्याहून खाली जातो. बुडालेल्या सायकलीचा विमा उतरवता येतो. बुडालेल्या वाटेचा विमा कुठली कंपनी उतरवील? सरकारी मदतीचे अर्ज भरायचे म्हटले तरी त्या अर्जात नुकसानीच्या रकान्यात काय लिहायचं? तिथं पुन्हा ती पहिलीच यादी येते.

तरी सगळं संपलेलं नाही. शाळांचे डबे आहेत, सरकारी कचेऱ्या आहेत, बाहेरचं न सोसणारी माणसं आहेत. चर्चगेटला दुपारी अजून क्रेटी उतरतात. उरलेल्या माणसांना पूर्वीपेक्षा मोठा भाग सायकलनं तुडवावा लागतो, कारण मधल्या वाटा गेल्या. कधीमधी गावाकडून एखादा नवा मुलगा येतो. तो काही दिवस जुन्याच्या मागोमाग फिरतो. झाकणावरच्या खुणा त्याला आठवड्याभरात वाचता येतात. कुठल्या घरी घंटी वाजवायची नाही कारण आत म्हातारं माणूस झोपलेलं असतं, कुठला डबा दहा मिनिटं उशिरा होतो म्हणून आधी समोरच्या इमारतीतले उचलून यायचं, कुठला पहारेकरी मागच्या जिन्यानं सोडतो, हे त्या खुणांत नसतं. ते जुना माणूस जिना चढता चढता, दम लागलेला असताना, त्याला सांगत असतो.